प्लास्टिकचा सोलर हीटर गंजत नाही, मग जोडावर पुन्हा पुन्हा का गळतो?

टाकी प्लास्टिकची, पॅनेल प्लास्टिकचे, पाईपही प्लास्टिकचे. गंजायला काही उरलेलेच नाही. तरी गरम पाण्याच्या निपलपाशी, म्हणजे टाकीच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या आट्यांच्या छोट्या नळीपाशी, ओल दिसते. प्लंबर येतो, पान्याने अर्धा फेरा आवळतो, ओल थांबते. दोन-चार आठवडे बरे जातात आणि त्याच जागी पुन्हा थेंब लोंबू लागतो. असे तीनदा झाले असेल, तर चौथ्यांदा पाना लावू नका. त्या आवळण्यामुळेच गळती परत येते आहे.

धातूच्या टाकीत गळतीचे कारण बहुतेक वेळा गंज असते. प्लास्टिकच्या टाकीत कारण वेगळे असते, त्यामुळे उपायही वेगळा लागतो. गोम आहे उष्णतेने फुगण्यात. पितळेचा एक मीटर तुकडा तापमान एका अंशाने वाढले की ०.०१९ मिमी वाढतो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे ज्याला बाजारात पीपी म्हणतात, ते ०.१५ मिमीपर्यंत वाढते. एचडीपीई, म्हणजे टाक्यांचे दुसरे प्लास्टिक, त्याहूनही जास्त. म्हणजे पितळी निपल आणि त्याला धरणारी प्लास्टिकची भिंत यांच्या वाढीत सात-आठ पटींचा फरक पडतो.

हा फरक जोडापाशी किती, ते पाहू. टाकीची भिंत निपलपाशी १० मिमी जाड आहे आणि पाणी २० अंशांवरून ७० अंशांवर गेले असे धरा. प्लास्टिक जाडीत ०.०७५ मिमी फुगते, पितळ जेमतेम ०.०१. उरलेले ०.०६५ मिमी म्हणजे साधारण केसाची जाडी. दुपारी बाहेरचा नट आणि आतला फ्लँज (निपलची रुंद कड) यांच्या चिमट्यात सापडलेले प्लास्टिक फुगायला बघते, त्याला जागा मिळत नाही आणि ते दाबले जाते. गरम प्लास्टिक सतत दाबाखाली राहिले की हळूहळू सरकते. मग रात्री पाणी थंड झाले की ते आकसते, पण मूळ जाडीवर परत येत नाही. रोज एवढेसे. काही आठवड्यांत नटाची पकड निघून जाते, आणि पहिला थेंब दिसतो तो पहाटे.

गळती कोणत्या वेळी होते, हे आधी पाहा

जोडाला हात लावण्यापूर्वी दोन दिवस फक्त निरीक्षण करा. सकाळी उन्हं पडण्याआधी आणि दुपारी तीनच्या सुमारास, असे दोनदा. जोड कोरड्या फडक्याने पुसा, त्याभोवती खडूची पूड लावा आणि अर्ध्या तासाने बघा. पाणी कुठून निघाले ती रेघ पुडीत स्पष्ट उमटते. टाकीवर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे बाहेरचे कवच असेल, तर थेंब पडतो तिथेच गळती आहे असे धरू नका. पाणी फोमच्या आतून वाट काढत कवचाच्या सर्वांत खालच्या टोकाला येते. खरी गळती हातभर लांब असू शकते. निपलभोवतीची टोपी काढून बघितल्याशिवाय निदान करू नये.

पहाटे गळते आणि दुपारी आपोआप थांबते, तर वर सांगितलेला प्रकार आहे: नट आणि गॅस्केट (फ्लँज आणि भिंत यांच्या मधली रबराची चकती) यांची पकड गेली.

याच्या उलट, दुपारी गळते आणि सकाळी कोरडे असते, तर बहुधा प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत पितळेचा बाहेरच्या आट्यांचा तुकडा बसवलेला आहे. तापल्यावर प्लास्टिकचे भोक पितळेपेक्षा जास्त मोठे होते आणि आट्यांमधून पाणी निघते. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये ओतून बसवलेला पितळी इन्सर्टही असाच वागतो. त्यात पाणी आट्यांतून नव्हे, तर पितळ आणि प्लास्टिक यांच्या मधल्या फटीतून येते. तिथे टेफ्लॉन टेपचा काहीच उपयोग नसतो, कारण टेप त्या वाटेवर नसतेच.

दिवसरात्र सारखेच गळत असेल, तर चीर आहे किंवा गॅस्केट कापले गेले आहे. फक्त पंप चालू असतानाच गळत असेल, तर जोडाचा दोष नंतर शोधा. व्हेंट (हवेसाठी उघडी ठेवलेली नळी) असलेली प्लास्टिकची टाकी प्रेशर पंपाच्या दाबासाठी बनवलेली नसते. टाकीत पाणी वरच्या साठ्यातून उतारानेच यायला हवे. पाच मीटर उंचीवरच्या साठ्याचा दाब सुमारे अर्धा बार होतो, आणि कंपनीने लेबलवर जास्त लिहिले नसेल तर एवढाच पुरे.

जोडावरच्या डागांनाही अर्थ असतो. पांढरा खरखरीत थर म्हणजे जड पाणी हळूहळू पाझरून वाळते आहे. गळती जुनी आहे, फक्त थेंब पडण्याएवढी नव्हती. हिरवट डाग पितळेचा. तांबूस-तपकिरी डाग दिसला, तर कुणीतरी मध्येच जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) निपल घातला आहे. न गंजणारी यंत्रणा घेऊन तिच्यात एक गंजणारा तुकडा बसवणे ही फार वेळा होणारी चूक आहे, आणि नेमका तोच तुकडा आधी जातो.

अर्धा फेरा म्हणजे नेमके किती?

अर्धा इंची आणि पाऊण इंची बीएसपी (पाईपच्या नेहमीच्या मापाचे) आटे इंचाला १४ असतात. म्हणजे एका फेऱ्यात नट १.८ मिमी पुढे जातो आणि अर्ध्या फेऱ्यात ०.९. गॅस्केट ३ मिमी जाड असेल, तर हाताने घट्ट झाल्यानंतरचा पहिला अर्धा फेराच त्याला ३० टक्के दाबतो. रबर नीट बसायला २५ ते ३० टक्के दाब पुरतो. त्यानंतर दर महिन्याला आणखी अर्धा-अर्धा फेरा दिला, तर तिसऱ्या खेपेला गॅस्केट उरतच नाही. ते चोथा होऊन कडेने बाहेर येते आणि पुढचा सगळा जोर थेट प्लास्टिकच्या भिंतीवर जातो. म्हणून नवे गॅस्केट घालणे हाच उपाय आहे.

जोड नव्याने बसवण्याची पद्धत

आदल्या संध्याकाळी पॅनेल जाड कापडाने किंवा ताडपत्रीने झाका आणि काम सकाळी लवकर करा. भर दुपारी टाकीत ७०-८० अंशांचे पाणी असू शकते. ते अंगावर आले तर क्षणात भाजते. टाकीत विजेचा बॅकअप हीटर असेल, तर त्याचा एमसीबी बंद करा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून गरम पाण्याचे नळ उघडा आणि मग ड्रेन उघडा. एअर व्हेंट मोकळा आहे ना, हे त्याआधी नक्की करा. व्हेंट बंद असताना टाकी रिकामी केली तर आत पोकळी तयार होते आणि प्लास्टिकची भिंत आत ओढली जाते. एकदा पोचा पडलेली टाकी पूर्वीच्या आकाराला येत नाही.

नट काढून जुने गॅस्केट हातात घ्या आणि बोटांनी दुमडून पाहा. ते चकचकीत, कडक आणि दाबलेल्या खाचेसकट तसेच राहत असेल, तर मेले आहे. पाण्याच्या बाजूची प्लास्टिकची बैठक ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ करा. जुन्या सीलंटचा कण राहू देऊ नका. बैठकीवर बोट फिरवा. गॅस्केटच्या कडेला उंचवटा लागत असेल, तर तो खरवडून सपाट करायला हवा, नाहीतर नवे गॅस्केट त्या उंचवट्यावर लटकत राहील.

नवे गॅस्केट ईपीडीएमचे (एक कृत्रिम रबर) घ्या, ३ मिमी जाडीचे. गरम पाण्यात साधे नैसर्गिक रबर लवकर कडक होते. ईपीडीएमला खनिज तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, ते फुगते. वंगण हवेच असेल, तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. गॅस्केट टाकीच्या आतल्या बाजूला, फ्लँज आणि भिंत यांच्या मध्ये येते. एकच. जास्त खात्री म्हणून दोन घातली की ती एकमेकांवर घसरतात. गॅस्केटवर सिलिकॉन सीलंट फासणेही टाळा. आवळताना ते ओले असते आणि वंगणाचे काम करते, त्यामुळे गॅस्केट बाहेर सटकते.

बाहेरच्या बाजूला नटाखाली रुंद सपाट वॉशर द्या, म्हणजे जोर नटाच्या चिंचोळ्या कडेवर न येता पसरेल. नट हाताने जेवढा बसेल तेवढा बसवा, आतला फ्लँज दुसऱ्या माणसाने धरून ठेवावा, आणि पान्याने अर्ध्या फेऱ्याला थोडा कमी एवढेच फिरवा. मग मार्करने नटावरून भिंतीवर येणारी एक सरळ रेघ ओढा. पुढे कोणीही नट फिरवला किंवा तो आपोआप ढिला झाला, तर रेघ तुटलेली दिसेल. रेघ जुळते आहे आणि तरी गळते आहे, तर नट सैल नाही हे पान्याशिवाय कळते.

टाकी भरून दोन पूर्ण दिवस तापू द्या. तिसऱ्या दिवशी पहाटे, टाकी थंड असताना, एकदाच तपासा. गरज वाटली तर एक अष्टमांश फेरा. त्यानंतर नटाला हात लावायचा नाही. टाकी गरम असताना तर कधीच आवळू नका. तेव्हा प्लास्टिक सर्वांत मऊ असते.

बॅकअप हीटरचा फ्लँज चार-सहा बोल्टांचा असतो. तिथेही हेच नियम, शिवाय समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे आणि प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर द्यायचा, म्हणजे प्लास्टिक दबले तरी पकड काही प्रमाणात टिकते. इथली गळती पाण्यापुरती नसते. प्लास्टिकची टाकी वीज वाहून नेत नाही, त्यामुळे हीटरला आणि त्याच्या धातूच्या फ्लँजला स्वतःची अर्थिंग वायर असलीच पाहिजे आणि त्या लाईनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा. फ्लँजपाशी ओल आहे आणि आरसीसीबी ट्रिप होतो आहे, असे एकत्र दिसले तर दुरुस्ती होईपर्यंत हीटर वापरू नका.

दुपारी गळणारा जोड

इथे आवळून काही होत नाही, रचना बदलावी लागते. नियम सोपा आहे: बाहेरचे आटे प्लास्टिकचे, आतले आटे धातूचे. असे असले की तापल्यावर प्लास्टिक पितळेच्या सॉकेटमध्ये अधिकच घट्ट बसते. उलट जोडले, म्हणजे प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये धातूचा निपल घुसवला, तर तो पाचरीसारखा काम करतो. बाहेरचे बीएसपी आटे बहुधा निमुळते असतात. जितके आवळाल तितके सॉकेट फाकते आणि चीर आट्याच्या तळातून सुरू होते. शक्य असेल तिथे आट्यांवर भिस्तच ठेवू नका. सपाट तोंडाचे युनियन (नट सोडून उघडता येणारा जोड) आणि त्यात ईपीडीएम वॉशर, हा जोड गरम-थंड होण्याला चांगले तोंड देतो आणि पुढे उघडायलाही सोपा जातो.

टेफ्लॉन टेप प्लास्टिकच्या आट्यांवर तीन-चार वेढे पुरे. आट्यांच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर बसवताना टेप उलगडते. हाताने बसवून झाल्यावर एक ते दीड फेरा. सफेदा-सुतळी प्लास्टिकवर अजिबात नको. सुतळी भिजून फुगते आणि सॉकेट आतून फोडते. धातूच्या आट्यांसाठीचे पातळ, बाटलीतले थ्रेड सीलंटही नको. सीपीव्हीसी, एबीएससारख्या प्लास्टिकमध्ये त्याने ताणाच्या जागी चिरा पडतात, आणि त्या लगेच नव्हे, काही आठवड्यांनी दिसतात. तोपर्यंत दोष कशाचा हे कुणाच्या लक्षात येत नाही.

जोड नवा, तरी गळती तिथेच: पाईप ढकलतो आहे

जोड नीट बसवूनही महिनाभरात तेच झाले, तर नजर निपलवरून काढून पाईपवर न्या. पाच मीटर सरळ पीपी-आर (पीपीचाच एक प्रकार) पाईप ५० अंशांनी तापला की सुमारे ३७ मिमी लांबतो. सीपीव्हीसी १६ मिमी, तांबे ४ मिमी. दोन्ही टोके आवळून धरलेली असतील, तर हा सगळा जोर जिथे कमकुवत जागा असेल तिथे, म्हणजे टाकीच्या निपलवर, रोज दुपारी ढकलतो आणि रोज रात्री ओढतो. ओळखायची खूण: दुपारी पाईप धनुष्यासारखा वाकलेला दिसतो, किंवा क्लॅम्पपाशी पाईपवर घासल्याचे चकचकीत चट्टे असतात.

उपाय म्हणजे पाईपला हलायला जागा देणे. सरळ लाईनच्या शेवटी एल्बो घेऊन काटकोनात वळवा आणि त्या वळणानंतरचा पाईप अर्धा ते एक मीटर क्लॅम्पशिवाय मोकळा सोडा. सीपीव्हीसीला साधारण ६०-६५ सेंमी पुरतात. पीपी-आरला २५ मिमी पाईप आणि वर दिलेली लांबी असेल, तर ९० सेंमीच्या आसपास लागतात. सरळ लाईनवर एकच क्लॅम्प घट्ट आणि बाकीचे सैल, पाईप आत सरकेल असे ठेवा. टाकीच्या निपलनंतर ३०-४५ सेंमीचा लवचिक नळीचा तुकडाही चालतो, पण तो किमान ९० अंशांना टिकणारा हवा आणि फक्त घरात जाणाऱ्या लाईनवर. पॅनेल आणि टाकी यांच्या मधल्या फेऱ्यात तो घालू नका. तिथे पाणी पंपाशिवाय, केवळ तापल्याने वर चढते, आणि अरुंद नळीने ते अडते.

पाईप निवडतानाच एक गोष्ट बघावी. साधा पांढरा पीव्हीसी ६० अंशांपलीकडे वापरायचा नसतो. सीपीव्हीसी चालतो, पण ८२ अंशांना त्याची दाब सोसण्याची ताकद २३ अंशांच्या तुलनेत एक चतुर्थांश राहते. त्याच्या जोडांना सीपीव्हीसीचेच सोल्युशन लावा आणि २४ तास गरम पाणी सोडू नका. पीपी-आर वेल्डिंगचे यंत्र २६० अंशांवर असते. २० मिमी पाईपला ५ सेकंद आणि २५ मिमीला ७ सेकंद. त्याहून जास्त तापवले की वितळलेले प्लास्टिक आत गोळा होऊन पाईपचे तोंड अरुंद करते.

व्हेंटमधून ठिबकते ती गळती आहे का?

२०० लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेले की सुमारे साडेतीन लिटरने वाढते. थंड पाण्याच्या लाईनवर काही नसेल, तर हे वाढलेले पाणी मागे साठ्याकडे सरकते आणि कुणाला कळतही नाही. त्या लाईनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की मागची वाट बंद होते. मग पाणी व्हेंटच्या पाईपमध्ये चढते. २० मिमी आतल्या व्यासाच्या पाईपमध्ये मीटरला जेमतेम ३०० मिली मावते, म्हणजे साडेतीन लिटरला दहा मीटरहून उंच व्हेंट लागेल. साहजिकच ते वरून सांडते. रोज दुपारी व्हेंटमधून पडणारे हे पाणी जोडाची गळती नव्हे.

मात्र व्हेंटच बुजला असेल, तर तो वाढलेला दाब सगळ्या जोडांवर येतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि बुजलेला व्हेंट ही जोडी प्लास्टिकच्या टाकीला सर्वांत घातक आहे. व्हेंटचे तोंड साठ्याच्या पाण्याच्या पातळीपेक्षा निदान ३० सेंमी उंच हवे आणि खाली वळवलेले हवे. त्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते, जड पाण्याचा क्षार साचतो. तोंडावर बारीक जाळी लावा, आणि दर तीन महिन्यांनी बोटाने चाचपून मोकळे आहे का ते बघा. तोंड बंद होते म्हणून त्यावर टोपी किंवा व्हॉल्व्ह बसवणे हा उपाय नाही.

चीर पडली असेल तर

पीपी आणि एचडीपीईला बाजारातला कोणताही सामान्य गोंद, पुट्टी किंवा इपॉक्सी नीट चिकटत नाही. लावल्यावर दोन दिवस कोरडे दिसते, मग गरम-थंड होताना संपूर्ण खपली निघून येते. चीर निपलच्या भोकातून निघालेली आणि छोटी असेल, तर होल-सॉने भोक मोठे करून चिरेसकट भाग काढून टाका आणि मोठ्या फ्लँजचा निपल रिड्यूसरसह बसवा. तापलेल्या सळईने भोक पाडू नका. त्याची कड वेडीवाकडी होते आणि तिच्यावर गॅस्केट बसत नाही. भिंतीतली चीर वेल्ड करायची, तर दोन्ही टोकांना ३ मिमीचे भोक पाडून ती आधी थांबवा, चिरेवर व्ही आकाराची खाच घ्या आणि त्याच प्लास्टिकचा रॉड वापरा. टाकीवरच्या त्रिकोणात ५ असेल तर पीपी, २ असेल तर एचडीपीई. एकाचा रॉड दुसऱ्याला लागत नाही. दुरुस्तीनंतर तपासणी नुसते पाणी भरून करा. प्लास्टिकच्या टाकीत हवेचा दाब भरून तपासू नये. ती फुटली तर तुकडे उडतात.

पुन्हा भरताना पॅनेल झाकलेलेच ठेवा आणि भरून झाल्यावर कापड काढा. काचेच्या नळ्यांचे पॅनेल असेल तर हे फारच महत्त्वाचे. उन्हात कोरड्या तापलेल्या नळीत थंड पाणी गेले की काच तडकते.

शेवटची तपासणी निपलभोवतीच्या भिंतीची. तिरप्या प्रकाशात बघा. भिंत आत दबून बशीसारखी झाली असेल, किंवा निपलभोवती प्लास्टिकवर पांढरट पट्टे उमटले असतील, तर ते प्लास्टिक ताणून संपले आहे. त्या जागी नवे गॅस्केट आणि नवा निपल घालूनही जोड टिकणार नाही. भोक बुजवून भिंतीच्या चांगल्या भागात, त्याच उंचीवर, नवा निपल घ्या. आणि पांढरे पट्टे हातभर पसरलेले असतील तर आतली टाकीच बदला.